कायद्याची उतरंड आणि अमेरिकेतला शेतमजूर

अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या शेतमजुरांविषयी जो वाद आज चालू आहे, तो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून वाचताना असे वाटते की त्यात दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो, हे लोक कागदपत्रांवाचून घुसले आहेत, त्यांना हाकलून द्या. दुसरा म्हणतो, हाकलून दिलेत तर स्ट्रॉबेरी कोण तोडणार, गोठ्यातल्या गाईंचे दूध कोण काढणार? पहिला पक्ष उघड द्वेषाची भाषा बोलतो, म्हणून आपल्या पुरोगामी मित्रांना दुसरा पक्ष माणुसकीचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. मेलेले ढोर कोण ओढणार, हा प्रश्न गावानेही विचारला आहे. महाडनंतर आमच्या लोकांनी ढोरे ओढणे बंद केले तेव्हा तर तो फारच कळवळून विचारला गेला. त्या कळवळ्यात आमच्याविषयी किती आणि ढोराविषयी किती होते, हे आम्हाला ठाऊक आहे.

हे भांडण नवेही नाही आणि दिसते तितके खरेही नाही. १९०७ साली अमेरिकन काँग्रेसने बाहेरून येणाऱ्या लोकांची चौकशी करण्यासाठी डिलिंगहॅम आयोग नेमला. १९११ मध्ये त्याने मेक्सिकन माणसाविषयी असा निर्वाळा दिला की मजूर म्हणून तो जेवढा इष्ट आहे तेवढा नागरिक म्हणून नाही. शंभराहून अधिक वर्षांचे धोरण या एका वाक्यात आले आहे. 'ठेवा' म्हणणारा वाक्याच्या पूर्वार्धावर बोट ठेवतो, 'हाकला' म्हणणारा उत्तरार्धावर. वाक्य मात्र दोघांचे एकच. १९१७ साली अडाण्यांना देशात येऊ द्यायचे नाही असा कायदा झाला. काही महिन्यांतच बागायतदारांच्या आग्रहाखातर मेक्सिकन शेतमजुरांना त्यातून सूट मिळाली. वाचता न येणारा माणूस देशाला धोक्याचा. पण तो बीट उपटत असेल तोवर चालतो.

आमच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागू नये. गावकुसाबाहेर राहायचे आणि गावाचे काम करायचे, ही व्यवस्था ज्यांनी भोगली त्यांना सीमेच्या तारेचा अर्थ लवकर कळतो. परंतु सादृश्य सापडले की तिथेच थांबायचे, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. काळ्यांचे साहित्य आणि दलित साहित्य यांच्या तुलनेत आपण कितीतरी पाने भरली आणि 'वेदना सारखीच' या निष्कर्षावर समाधान मानले. १९७२ साली आमच्या तरुणांनी पँथरचे नाव घेतले ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून. त्याच कॅलिफोर्नियात त्याच सुमारास द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांचा लढा चालला होता, ओकलंडच्या पँथरांनी त्याला पाठिंबाही दिला होता. तिकडे आमचे लक्ष फारसे गेले नाही. ते गेले असते तर वेदनेच्या पलीकडची एक गोष्ट दिसली असती. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती जातीवाचूनही, निव्वळ कायद्याने, उभी करता येते. या लेखात मला तेवढेच दाखवायचे आहे आणि त्यासाठी कायद्यांच्या जोडीने त्या शेतांतून आलेली चारदोन पुस्तके वाचायची आहेत.

कॅलिफोर्नियाच्या मळ्यांचा इतिहास म्हणजे एकामागून एक आणलेल्या आणि एकामागून एक बंद केलेल्या माणसांचा इतिहास. चिनी आले, १८८२ च्या कायद्याने त्यांना दार बंद झाले. जपानी आले, १९०७-०८ च्या करारानंतर तेही अडले. मग पंजाबी, फिलिपिनो, मेक्सिकन. प्रत्येक नव्या तुकडीचे स्वागत आधीच्यांपेक्षा स्वस्त आणि मुकाट म्हणून झाले, आणि ती संघटित होऊ लागली, जमीन खंडाने घेऊ लागली की ती देशाला अपायकारक ठरली.

यातली पंजाबी तुकडी आपल्या घरची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. १९२३ साली भगतसिंग थिंद या गृहस्थांचा नागरिकत्वाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या काळी गोऱ्याला आणि आफ्रिकन वंशाच्या माणसालाच नागरिक होता येत असे. थिंद लाकडाच्या गिरणीत काम केलेले, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. वंशाच्या आधारावर दार बंद करणारा हा कायदाच अन्यायाचा आहे, असे त्यांच्या बाजूने म्हणता आले असते. म्हटले गेले ते असे: हे उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत, आणि अमेरिकन माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांकडे पाहतो! अस्पृश्यता हा गुण म्हणून न्यायालयापुढे ठेवला गेला. न्यायालयाने तो मानला नाही. पंजाबी शेतकरी 'नागरिकत्वास अपात्र परदेशी' ठरले आणि अशांना जमीन घेऊ न देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्यांनाही लागू झाला.

त्याच कॅलिफोर्नियात, १९०९ पासून, होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालचे मंगूराम फळे तोडत होते. चामड्याचा व्यवसाय करणाऱ्या अस्पृश्य घरचा हा तरुण पंजाबातल्या जमीनदार जातींच्या माणसांबरोबर त्याच मळ्यांत राबत होता. पुढे ते गदर पक्षात गेले, १९२५ साली परतले, गावातली अस्पृश्यता जशीच्या तशी पाहिली आणि १९२६ मध्ये आदधर्म चळवळ उभी केली. परदेशातील भारतीयांच्या गौरवगाथा लिहिणाऱ्यांना थिंद आठवतात. मंगूराम शेतमजूर होते, ही आठवण आम्हीच ठेवायची.

आता साहित्याकडे वळू. या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही १९३९ सालची कादंबरी. ओक्लाहोमातले जोड कुटुंब जमिनीवरून उठवले जाते, मोडक्या गाडीतून कॅलिफोर्नियाला येते आणि फळबागांत भिकेला लागते. कादंबरी मोठी आहे, याविषयी वाद नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याला हुसकणारी बँक म्हणजे कोणा एका माणसाचा चेहरा नव्हे, हे तिने जसे दाखवले तसे अर्थशास्त्राच्या फार थोड्या पुस्तकांनी दाखवले असेल. तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जोड कुटुंब येण्यापूर्वी ती फळे कोण तोडत होते? एका प्रकरणात चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो यांचा ओझरता उल्लेख येतो. त्यांच्यातला एकही माणूस नावानिशी कथेत उभा राहत नाही. कादंबरीपूर्वी, १९३६ साली, स्टाइनबेकने या मजुरांवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती. तीत त्याचे म्हणणे असे होते की परदेशी मजुरांना ज्या दडपशाहीने आणि उपाशी मजुरीने वागवता आले तसे या नव्या लोकांना वागवता येणार नाही, कारण हे अमेरिकन आहेत. त्याचा हेतू चांगला होता. पण हा युक्तिवाद उतरंडीतल्या वरच्या मडक्याचा आहे. त्याच दशकात लाखो मेक्सिकनांना, त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांसकट, गाड्यांत भरून सीमेपार पाठवले जात होते. राष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आले ते उपाशी माणूस गोरा दिसला तेव्हा.

आणि त्या अश्रूंचा कायदा काय झाला? १९३५ साली कामगारांना संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा आला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. १९३८ साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा कायदा आला, त्यातूनही वगळले. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बलिष्ठ होते आणि दक्षिणेतला शेतमजूर व घरकामगार बहुतांशी काळा होता. किमान वेतन शेतमजुरापर्यंत पोहोचायला १९६६ उजाडले, तेही मोठ्या शेतांपुरते. जादा तासांचा जादा दर केंद्रीय कायद्याने त्याला आजही नाही. 'त्यांनी कायदा मोडला' अशी ओरड जे करतात त्यांना विचारावे, कायद्याने त्यांना आत घेतले तरी कधी होते? कागद असलेला, अमेरिकेतच जन्मलेला शेतमजूरदेखील या बाबतीत बाहेरच आहे.

कार्लोस बुलोसान या फिलिपिनो मजूर-लेखकाचे 'अमेरिका इज इन द हार्ट' १९४६ साली आले. फिलिपाइन्स अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे हे लोक परदेशीही नव्हते आणि नागरिकही नव्हते. १९३४ च्या कायद्याने ते एका रात्रीत परदेशी झाले आणि वर्षाला फक्त पन्नास जणांना येण्याची मुभा उरली. बुलोसानच्या पुस्तकात मारहाण आहे, उपासमार आहे, जमावाचा पाठलाग आहे आणि तरीही अमेरिकेच्या चांगुलपणावरची श्रद्धा आहे. ती श्रद्धा मला दाराशी उभ्या असलेल्या माणसाची वाटते. आमच्याही पहिल्या पिढीने मंदिराच्या पायरीवर असे उभे राहून पाहिले आहे. म्हणून तिला हसण्याचा अधिकार मी घेत नाही.

१९४२ साली युद्धाच्या निमित्ताने मेक्सिकोशी करार झाला आणि 'ब्रासेरो' योजना सुरू झाली. ब्रासो म्हणजे बाहू. योजनेचे नावच बाहूवरून पडलेले. ती १९६४ पर्यंत चालली आणि सुमारे ४६ लाख करार झाले. सीमेवरच्या केंद्रांत माणसांना उघडे करून तपासत, अंगावर डीडीटीची भुकटी फवारत. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतला दहावा हिस्सा 'बचत' म्हणून कापला जाई. पुष्कळांना तो कधी मिळालाच नाही. शेतमजुरांची संघटना बांधणारा विद्वान अर्नेस्टो गालार्झा याने १९६४ च्या 'मर्चंट्स ऑफ लेबर' या ग्रंथात या योजनेची चिरफाड केली. करारातली कलमे उत्तम होती. करार मोडला तर मजुराने जायचे कोठे, एवढेच त्यात नव्हते.

या योजनेतला एक विधी तर आमच्या शुद्धीकरणाच्या विधींना लाजवील असा होता. कागदांवाचून आलेला मजूर आधीच शेतावर काम करीत असेल तर त्याला सीमेवर नेत, मेक्सिकोच्या मातीला पाय लावायला सांगत आणि परत वळवून करारावर अंगठा घेत. नदी ओलांडून आला म्हणून 'ओल्या पाठीचा' म्हणवला जाणारा माणूस असा 'वाळवला' जाई. सरकारी बोलीतला शब्दच तो होता. माणूस तोच, मालक तोच, शेत तेच, मजुरी जवळपास तीच. एका पावलाने तो बेकायदा होता तो कायदेशीर झाला. पुढे १९५४ साली याच शिवीचे नाव दिलेली हकालपट्टीची मोठी मोहीम झाली. एकीकडे हाकलणे आणि दुसरीकडे करारावर आणणे, दोन्ही सरकारचीच कामे. त्यांत विसंगती नव्हती, वेळापत्रक होते.

२८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस दरीत एक विमान कोसळले. परत पाठवले जाणारे २८ मेक्सिकन त्यात मेले. त्यांतले काही करार संपलेले मजूर होते. बातम्यांत वैमानिकांची आणि पहारेकऱ्याची नावे आली, बाकीचे नुसते 'परत पाठवलेले' ठरले. गोरा लोककवी वुडी गथ्री याने त्यावर कविता केली आणि तिचे पुढे प्रसिद्ध गाणे झाले. फ्रेझ्नोतल्या त्या सामुदायिक कबरीवर २८ नावांचा दगड बसायला मात्र २०१३ साल यावे लागले. ती नावे गोळा करण्यात टिम झेड. हर्नांडेझ हा लेखक आघाडीवर होता, आणि तो शेतमजुरांच्या घरातला आहे. सहानुभूतीचे साहित्य आणि स्वानुभवाचे साहित्य यांतला फरक आपल्याकडे तात्त्विक चर्चेत फार चघळला जातो. इथे तो पासष्ट वर्षांचा आहे.

आतून लिहिलेले पहिले मोठे पुस्तक टोमास रिव्हेरा याचे. १९३५ साली टेक्ससमधल्या क्रिस्टल सिटीत जन्मलेला हा मुलगा आईबापांबरोबर पिकांमागे फिरला, शिकला, प्राध्यापक झाला आणि पुढे एका विद्यापीठाचा चान्सेलर झाला. १९८४ मध्ये तो वारला. त्याचे पुस्तक १९७१ साली स्पॅनिशमध्ये आले. नावाचा अर्थ साधारण असा: '...आणि जमिनीने त्याला गिळले नाही'. बारा छोट्या कथा आणि त्यांच्या मधे मधे काही ओळींचे तुकडे. पानांनी लहान पुस्तक. पण शेतमजुरांवरचे दहा अहवाल एका पारड्यात आणि ते दुसऱ्यात घातले तर अहवालांचे पारडे वर जाईल.

शीर्षककथेत उन्हाचा झटका बसून बाप आजारी पडतो. आई मेणबत्त्या लावते, देवाची करुणा भाकते. मुलगा चिडतो: आपण काय केले म्हणून हे आपल्याच वाट्याला? मग धाकट्या भावालाही शेतात ऊन लागते आणि त्याला उचलून घरी नेताना मुलगा देवाला शिवी घालतो. त्याला लहानपणापासून सांगितले आहे की असे केले तर धरणी दुभंगून माणसाला गिळते. तो क्षणभर थांबून वाट पाहतो. पायाखालची जमीन टणक राहते. दुसऱ्या दिवशी बाप आणि भाऊ दोघांनाही उतार पडलेला असतो. लेखक यावर काही भाष्य करीत नाही. 'देव नाही' असेही तो म्हणत नाही. पायाखालची जमीन आपले वजन पेलते आहे, एवढेच त्या पोराला कळते. आमच्या कवितेत नकाराची घोषणा पुष्कळ झाली. नकारानंतरचा हा टणक जमिनीचा अनुभव ती कविता किती वेळा देऊ शकली, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

दुसरी कथा पाण्याची. शेतात मरणाचे ऊन. मालक आणून देतो ते पाणी पुरत नाही, म्हणून पोरे जनावरांच्या हौदावर जाऊन पितात. मालक तासावर मजुरी देतो. पाणी पिण्यात त्याचा वेळ जातो. भीती घालावी म्हणून तो एक गोळी झाडतो. ती पोराला लागते. पोर तिथेच, पाण्यात, मरते. शेवटी दोन माणसे बोलत असतात: मालकाला वेड लागायची पाळी आली म्हणे, दारू प्यायला लागला म्हणे, खटला झाला, सुटला. चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. तिथला नकार धर्माचा होता. रिव्हेराच्या कथेतला मालक मुलाला अपवित्र मानत नाही, तो तास मोजतो. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. विटाळाची भावना नसतानाही जनावराच्या पाण्यावर माणसाचा जीव जाऊ शकतो. त्यासाठी तो माणूस कोणत्याच कायद्याचा नसणे पुरते.

रिव्हेराची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच्या जगात बाया आहेत त्या बहुधा आया. रडणाऱ्या, नवस बोलणाऱ्या. ती उणीव हेलेना मारिया विरामोन्तेस हिने १९९५ च्या 'अंडर द फीट ऑफ जीझस' या कादंबरीत भरून काढली. तिच्यातली आई मुलांचे जन्माचे दाखले येशूच्या मूर्तीच्या पायाखाली ठेवते आणि थोरल्या मुलीला बजावते: पकडायला आले तर सांग, कागद तिथे आहेत. अमेरिकेतच जन्मलेल्या मुलीला हे सांगावे लागते! कातडीचा रंग आणि हातातली टोपली बघून पहारेकरी आधी ठरवतो, कागद मग. जातीचा दाखला काढण्यासाठी तहसील कचेरीचे उंबरठे झिजवलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना त्या मूर्तीखालच्या कागदांचे मोल वेगळे समजावे लागणार नाही. फरक इतकाच की आमची जात कागदावाचून साऱ्या गावाला ठाऊक असते.

आता एक अवघड गोष्ट. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इट्लियाँगच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. आठवड्याभराने सेसार चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली. पाच वर्षे संप चालला, देशभर द्राक्षांवर बहिष्कार झाला, १९७० साली मालकांनी करार केले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा केला. त्याच वर्षी तिथे आखूड दांड्याचे खुरपे बंद झाले. त्या खुरप्याने दिवसभर कमरेत वाकून काम करावे लागे आणि मजूर उभा आहे की वाकलेला हे मुकादमाला लांबून दिसे. ही कमाई मोठी आहे आणि ती कोणी पुसू शकणार नाही.

परंतु याच संघटनेने १९७४ साली कागद नसलेल्या मजुरांविरुद्ध मोहीम उघडली. मालक संप फोडण्यासाठी त्यांना आणत होते, हे खरेच होते. संघटनेने त्यांची खबर सरकारी खात्याला दिली आणि ॲरिझोनाच्या सीमेवर तंबू ठोकून आपलीच माणसे पहाऱ्याला बसवली. मारहाणीच्या तक्रारी झाल्या. ज्यांचे बाप काल नदी ओलांडून आले त्यांनी आज नदीवर पहारा दिला. बर्ट कोरोनासारख्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच बजावले होते की संपफोड्याला संघटनेत घ्या, पोलिसांच्या हवाली करू नका. पुढे संघटनेने भूमिका बदलली, आज ती कागद नसलेल्यांच्या बाजूने उभी आहे. मग हे उकरून का काढायचे? कारण श्रेणीबद्ध विषमतेचे बळ इथे उघडे पडते. थिंद म्हणाले, आम्ही त्यांच्यासारखे नाही. स्टाइनबेक म्हणाला, हे परदेश्यांसारखे नाहीत. संघटना म्हणाली, आम्ही बेकायदा नाही. उतरंडीतल्या प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी मिळतो, म्हणून तो वरच्या मडक्याला हात घालत नाही. आपल्याकडे महार, मांग, चांभार यांच्या वस्त्यांमधली अंतरे मोजली आहेत का कोणी?

उतरंडीचा तळ अजून खाली आहे. सेथ होम्स या डॉक्टर-अभ्यासकाने २०१३ च्या पुस्तकात वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेरीच्या शेताचे चित्र दिले आहे. मालक जपानी वंशाचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात काटेरी तारांमागे डांबल्या गेलेल्या समाजातले. त्यांच्या खाली गोरे कारकून, त्यांच्या खाली मिश्रवंशीय मेक्सिकन मुकादम, मग मिश्तेक आदिवासी आणि अगदी तळाला, ओणवे होऊन स्ट्रॉबेरी तोडणारे त्रिकी आदिवासी. ज्यांना अमेरिकन माणूस सरसकट 'मेक्सिकन' म्हणतो त्यांच्यातच ओआहाकाच्या आदिवासींसाठी वेगळी शिवी आहे आणि ती मेक्सिकनांनी घडवलेली आहे.

आजच्या वादात सर्वांना मान्य असलेला तोडगा म्हणून 'पाहुणा मजूर' पुढे केला जातो. १९८६ च्या कायद्याने एच-टू-ए नावाचा परवाना आला. मालकाने प्रवासखर्च द्यायचा, राहायला जागा द्यायची, ठरलेल्या दराने मजुरी द्यायची. हंगाम संपला की पाहुण्याने निघायचे. २००५ साली अशा जागा पन्नास हजारांच्या आत होत्या, २०२३ साली पावणेचार लाखांच्या वर गेल्या. पाहुणा हा शब्द आपल्या भाषेत फार मोलाचा आहे. यजमानाची परवानगी न घेता पाहुण्याला दुसऱ्या घरी जाता येत नाही, असे मात्र आपण कधी ऐकले नव्हते. परवाना एका मालकाच्या नावाचा. त्याने काढून टाकले की देशात राहण्याचा आधारच गेला. तक्रार करणारा पुढल्या हंगामाला बोलावला जात नाही. गावाकडे दलालाला दिलेले पैसे कर्जाऊ असतील तर तो तक्रार करीतही नाही. शिवाय फिरत्या शेतमजुरांच्या संरक्षणासाठी १९८३ साली जो कायदा झाला, त्यातून हे पाहुणे वगळलेले आहेत.

याला आमच्या भाषेत नाव आहे: वतन. महार वतनात काम होते, कामाला वेळ नव्हता, मोबदला नाममात्र होता आणि सोडून जायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा आमच्यातलेच काही लोक कुरकुरले की आहे तेवढी जमीन आणि बलुते तरी जाईल. बाबासाहेबांचा रोख बलुते किती मिळते यावर नव्हताच. माणूस त्या गावाला आणि त्या कामाला बांधला गेला आहे, यावर होता. मजुरी वाढवा, खोल्या चांगल्या बांधा, या मागण्या कराव्यातच. पण बांधलेपण तसेच ठेवून केलेल्या सुधारणा वतनातल्या सुधारणा आहेत.

उदारमतवाद्यांचे विधेयकही तपासावे. शेतमजुरांना कायदेशीर दर्जा देणारे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २०१९ आणि पुन्हा २०२१ मध्ये मंजूर झाले, सिनेटमध्ये अडकले. त्यात कायमच्या वास्तव्याची वाट होती, पण ती शेतातूनच जाणारी. आधी दहा वर्षे शेतात काढलेल्याने आणखी चार, बाकीच्यांनी आणखी आठ वर्षे शेतातच राबायचे. यामागे १९८६ चा अनुभव आहे. त्या वर्षीच्या कायद्याने सुमारे ११ लाख शेतमजुरांना कागद मिळाले आणि कागद मिळताच त्यांतल्या अनेकांनी शेत सोडले. बागायतदारांना तो धडा पुरला. मला त्या सोडून जाण्यात त्या कायद्याचे सर्वांत मोठे यश दिसते. 'खेडी सोडा' हा सल्ला आम्हालाही मिळाला होता आणि तो ज्यांनी ऐकला त्यांच्या पुढच्या पिढीने हे लेखन वाचता येण्याइतके शिक्षण घेतले.

मार्च २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी झाली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या खिशात मालकांनी पत्रे दिली की हा मनुष्य देशासाठी 'अत्यावश्यक' आहे, त्याला अडवू नये. त्यांतल्या अनेकांना त्याच दिवशी पकडून हद्दपारही करता आले असते. पिकांवर राबणाऱ्या मजुरांत दहातल्या चौघांजवळ कागद नाहीत, असे तिथल्या कामगार खात्याचेच सर्वेक्षण सांगते. २०२५ च्या जूनमध्ये शेतांवरच्या धाडी थांबवण्याचा हुकूम निघाला आणि काही दिवसांत मागे घेतला गेला. १० जुलैला व्हेंचुरा भागातल्या काचगृहांवर धाड पडली. छतावर चढलेला एक मजूर खाली कोसळून मेला. ऑक्टोबरमध्ये त्याच सरकारच्या कामगार खात्याने पाहुण्या मजुरांचा दर ठरवण्याची रीत बदलून तो खाली आणला. डिलिंगहॅम आयोगाच्या वाक्याचे दोन्ही अर्धे एकाच वर्षात अमलात आले.

हे सगळे लांबचे म्हणून वाचणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. बीडचा ऊसतोड कामगार राज्याची हद्ददेखील न ओलांडता परका होतो. त्याला परवाना लागत नाही. मुकादमाची उचल पुरते. नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो, म्हणजे तिथे नाव बाहूवरूनसुद्धा नाही, हत्यारावरून आहे. २०१९ साली त्या बायांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांवर विधिमंडळात चर्चा झाली तेव्हा आपल्या साहित्यिकांपैकी किती जण फडावर गेले?

फ्लोरिडातल्या इमोकॅली गावच्या टोमॅटो मजुरांनी वेगळा रस्ता धरला. मेक्सिकन, ग्वाटेमालन, हैतीयन असे सगळे एका संघटनेत आले. कागद कोणाजवळ आहेत हे संघटनेने विचारले नाही. बागायतदाराला सोडून त्यांनी टोमॅटो विकत घेणाऱ्या बड्या कंपन्यांना धरले आणि पौंडामागे एक सेंट जास्त मागितला. २०११ पासून त्या कंपन्यांशी झालेल्या करारांतून शेतांसाठी एक आचारसंहिता लागू आहे. मजुरांनी स्वतः केलेल्या या नियमांत सावलीचे कलम आहे, पिण्याच्या पाण्याचे आहे. २०२४ साली त्याच फ्लोरिडा राज्याने कायदा करून सावली आणि पाणी सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडून काढून घेतला.